डिजिटल मिक्सर कोणता घ्यावा? सोलापूरच्या साऊंडवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न मांडवाच्या मागे, गोडाऊनमध्ये आणि मध्यरात्री माल टेम्पोत चढवताना विचारले जातात. उत्तरं एका ऑपरेटरची आहेत, विक्रेत्याची नाहीत. एक गोष्ट आधीच सांगतो. कोणत्या कन्सोलचा, म्हणजे मिक्सरचा, आवाज चांगला, यावर आपल्याकडे तासन् तास वाद चालतो. पण कार्यक्रम करणाऱ्या माणसाला तो कन्सोल का आवडतो हे खोदून विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा बोटाशी येऊन थांबतं. माईक-स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) वाजली की हात योग्य जागी किती लवकर पोहोचतो, त्यावर पसंती ठरते.

अॅनालॉग मिक्सर विकून डिजिटल घ्यावाच का?

तुमचं काम दोन माईकच्या सभेचं, वाढदिवसाचं किंवा शाळेच्या गॅदरिंगचं असेल तर घाई करू नका. बारा चॅनेलचा चांगला अॅनालॉग मिक्सर अजूनही बिनतक्रार पोट भरून देतो, आणि तो कोणाच्याही हातात देता येतो. भजनी मंडळ, ऑर्केस्ट्रा, नाटक, लावणीचा कार्यक्रम अशी कामं सुरू झाली की मात्र डिजिटलचा खर्च वसूल व्हायला लागतो. प्रत्येक चॅनेलला कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) आणि गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), प्रत्येक मॉनिटरला, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरला, स्वतंत्र ईक्यू (खर्ज-तार कमी-जास्त करायची सोय), शिवाय कालची सेटिंग आज एका बटणावर परत. हेच सगळं अॅनालॉगमध्ये करायचं तर दोन माणसांनी उचलावा लागेल असा रॅक सोबत न्यावा लागतो.

सोलापुरात कुठला कन्सोल जास्त दिसतो?

माझ्या पाहण्यात बेहरिंगर एक्स-३२. तो २०१२ मध्ये बाजारात आला. ३२ माईक इनपुट, १६ मिक्स बस (वेगवेगळे मिक्स बाहेर नेणारे मार्ग) आणि आपोआप सरकणारे २५ फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) एवढं सगळं मध्यम साऊंडवाल्याच्या आवाक्यात त्याने आणून ठेवलं. त्याच्याहून चांगले कन्सोल आहेत, पण इतक्या लोकांना चालवता येणारा दुसरा नाही. ऑपरेटर ऐनवेळी आजारी पडला तर बार्शीहून, पंढरपूरहून कोणालाही बोलावता येतं आणि तो माणूस थेट खुर्चीत बसतो. पार्ट बिघडला तर शेजारच्या साऊंडवाल्याकडून संध्याकाळपुरता दुसरा कन्सोल मिळतो, आणि पेनड्राईव्हवरची आपली सीन (सेव्ह केलेली सेटिंग) त्यात उघडते. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. दुपारी तीनला कन्सोल बंद पडला तर पुण्याच्या सर्व्हिस सेंटरचा काही उपयोग नाही, गल्लीतल्या दुसऱ्या एक्स-३२ चा आहे.

एक्स-३२ आणि मायडास एम-३२ एकच आहेत म्हणतात. मग जास्त पैसे का द्यायचे?

आतली रचना जवळपास एकच. २००९ मध्ये मायडास आणि बेहरिंगर एकाच मालकाकडे आले, त्याचं हे फळ. एम-३२ मध्ये माईक प्रीअॅम्प (माईकचा बारीक आवाज उचलणारे भाग) वरच्या दर्जाचे आहेत, फेडर जास्त टिकाऊ आहेत आणि बांधणी भक्कम आहे. मैदानात प्रेक्षकाला फरक कळतो का? माझ्या मते नाही. ऑपरेटरच्या बोटाला मात्र कळतो. शिवाय बाहेरगावच्या ग्रुपच्या राइडरवर (त्यांनी पाठवलेल्या सामानाच्या यादीवर) ‘मायडास’ लिहिलेलं असतं तेव्हा त्या नावाचेही पैसे मिळतात. तुमच्या कामात राइडर येतच नसेल तर उरलेल्या पैशात चांगले माईक घ्या.

यामाहा वापरणारे लोक दुसऱ्या कशाला हात का लावत नाहीत?

सवय आणि भरवसा. एम७सीएल २००५ चा, एलएस९ त्याच्या पुढच्या वर्षीचा. आज मोठ्या कार्यक्रमांना बसणारे बरेच इंजिनिअर याच दोघांवर शिकले. पुढे सीएल आणि क्यूएल आले तेव्हा पडद्यावरची मांडणी ओळखीचीच राहिली. एक नॉब फिरवला की तो काय करणार हे त्यांच्या हाताला माहीत असतं. जुना एम७सीएल तर अनेक गोडाऊनमध्ये अजून न कुरकुरता चालतो. टीएफ आणि डीएम-३ हे याच घरातले धाकटे. डीएम-३ आकाराने लहान आहे, १६ माईक इनपुट, ९६ किलोहर्ट्झ (आवाज सेकंदाला ९६ हजार वेळा मोजायचा वेग). कीर्तन, व्याख्यान, छोटी मैफल यांसाठी तो मला फार आवडतो. पण फेडर नऊच, त्यामुळे ऑर्केस्ट्राच्या भानगडीत त्याला घालू नका.

अॅलन अँड हीथच्या एसक्यूबद्दल ऐकतो. ९६ किलोहर्ट्झने खरंच फरक पडतो?

कानाला पडणारा फरक वादाचा आहे. वेळेचा फरक मोजता येतो. एसक्यूमध्ये आवाज आत जाऊन बाहेर यायला ०.७ मिलिसेकंदापेक्षा कमी लागतो. कानात इन-इअर घालून गाणाऱ्याला हे थोडंफार जाणवू शकतं, मैदानात बसलेल्याला अजिबात नाही. एसक्यू आवडण्याचं खरं कारण वेगळं आहे: कुठलाही चॅनेल कुठल्याही फेडरवर, कुठल्याही लेअरमध्ये (फेडरच्या पानावर) ओढून ठेवता येतो. निवेदकाचा माईक, मुख्य गायक, ढोलकी आणि ट्रॅक हे चार जण कायम उजव्या हाताखाली हवेत तर तसं मांडा. एक्स-३२ वर लेअर ठरलेले असतात, चॅनेलची जागा बदलायची तर इनपुटचं पॅचिंग (कुठला माईक कुठल्या चॅनेलला ही जोडणी) बदलावं लागतं. मॉनिटरवाल्याला एसक्यूमध्ये प्रत्येक मिक्सला स्वतंत्र ग्राफिक ईक्यू (आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणारा) मिळतो, हेही लहान सुख नाही.

फेडर किती हवेत?

कार्यक्रमात एकाच वेळी किती जण तोंड उघडतात तेवढे, अधिक चार. थट्टा वाटेल, पण हिशोब याच रीतीने लागतो.

लावणीच्या कार्यक्रमाचं बघा. ढोलकी, हलगी, तुणतुणं, पेटी, कीबोर्डचे दोन, ऑक्टोपॅडचे दोन, दोन गायिका, निवेदक, सोंगाड्याचा कॉर्डलेस, पाहुण्यांचा पोडियम. तेरा झाले. सोळा फेडरच्या कन्सोलवर हे सगळं एका नजरेत बसतं. आठ फेडरच्या कन्सोलवर तेच दोन पानांवर जातं. मग सोंगाड्या मध्येच विनोद टाकतो, त्याचा माईक दुसऱ्या लेअरवर म्यूट पडलेला असतो, आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत पहिलं वाक्य गेलेलं असतं. लोक हसत नाहीत, कलाकार मागे वळून बघतो, आणि पुढची सुपारी दुसऱ्याला जाते.

एक्स-३२ च्या पंचवीसपैकी सोळा इनपुटचे, आठ ग्रुपचे आणि एक मेन. एसक्यू-५ ला १७, एसक्यू-६ ला २५, एसक्यू-७ ला ३३. क्यूएल-१ ला १६ अधिक २. मोठ्या ऑर्केस्ट्राला सगळे चॅनेल डोळ्यासमोर ठेवणं कोणालाच जमत नाही, तिथे डीसीए (अनेक चॅनेल एकत्र हलवणारा एकच फेडर) वापरा: रिदम, मेलडी, गायक, कोरस, इफेक्ट. पाच बोटांत कार्यक्रम.

टचस्क्रीन चांगली की नॉब?

सभागृहात टचस्क्रीन, उघड्यावर नॉब. हुतात्मा स्मृती मंदिरात एसीत बसून बेहरिंगरच्या ‘विंग’ कन्सोलची दहा इंची स्क्रीन बोटाने हलवायला मजा येते. तोच कन्सोल एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता मैदानात ठेवा. उन्हात पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसतो, बोटाला घाम असतो, आणि एक डीबी (डेसिबल) कमी करायला जावं तर तीन डीबी कमी होतात. म्हणून उघड्यावरचं काम जास्त असणारे लोक नॉब असलेल्या कन्सोलला धरून राहतात. त्यांना मागासलेलं समजू नका.

फक्त आयपॅडवर मिक्सिंग करावं का? एक्सआर-१८ किंवा यूआय-२४आर यांसारखा फेडर नसलेला मिक्सर स्वस्तात पडतो.

साउंडचेक आयपॅडवर करावा, कार्यक्रम नाही. हे माझं मत आहे आणि अनेकांना ते पटत नाही.

स्टेजवर जाऊन कलाकारासमोर उभं राहून त्याचा मॉनिटर लावणं, यासारखी दुसरी सोय नाही. पण दुपारी चारला रिकाम्या मैदानात झकास चालणारं वायफाय संध्याकाळी आठला पाच हजार खिशांतल्या पाच हजार मोबाईलसमोर असतं. एक्सआर-१८ चं अंगचं वायफाय तिथे मान टाकतं. वेगळा राउटर लावा, ५ गिगाहर्ट्झवर चालवा, नेटवर्कचं नाव लपवा, पासवर्ड घाला आणि राउटर माणसांच्या डोक्यावर जाईल इतका उंच बांधा. शिवाय एक लॅपटॉप लॅन केबलने जोडून ठेवाच. पडद्यावर ‘रीकनेक्टिंग’चं चक्र फिरत असताना शिट्टी वाजली, तर ऑपरेटरला नुसतं बघत बसण्याशिवाय काम उरत नाही.

छोट्या कार्यक्रमांना, लग्नाच्या हॉलमध्ये, देवळातल्या भजनाला हे रॅक मिक्सर उत्तम. यूआय-२४आर तर पेनड्राईव्हवर सगळे चॅनेल वेगवेगळे रेकॉर्ड करून देतो.

स्टेजबॉक्सची केबल मध्येच आवाज सोडते. कन्सोल खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. एक्स-३२ आणि एम-३२ चा स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माईक जोडायची पेटी) एईएस५० या डिजिटल जोडणीवर चालतो. एका कॅट-५ केबलमधून दोन्ही दिशांना ४८-४८ चॅनेल जातात. सोय मोठी, पण ही जोडणी स्थिर विजेला हळवी आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, आपल्याकडे हवा कोरडी असते. स्टेजवर सिंथेटिक मॅटिंग अंथरलेलं असतं, नाचणारी मुलं त्यावर पाय घासतात, कोणीतरी माईक स्टँडला हात लावतो, चट् असा आवाज होतो आणि सिंकचा (जोडणी नीट चालल्याचा) हिरवा दिवा क्षणभर लाल होतो. प्रेक्षकाला तेवढाच एक खटका ऐकू येतो.

उपाय महाग नाही. शील्ड (धातूचं वेष्टण) असलेली कॅट-५ई केबल, दोन्ही टोकांना धातूच्या खोळीचे इथरकॉन कनेक्टर, आणि शील्ड त्या खोळीला नीट जोडलेली. ऑफिसच्या इंटरनेटची प्लास्टिक टोकाची केबल वापरू नका. लांबी शंभर मीटरच्या बरीच आत ठेवा आणि मध्ये जोड देऊ नका. एक जादा केबल आधीच अंथरून ठेवली तर पाहुणे भाषण करत असताना मैदानातून पळावं लागत नाही.

डांटे ही वेगळी पद्धत आहे, ती नेटवर्क स्विचमधून चालते. क्यूएल, सीएलमध्ये ती अंगचीच असते. शिकायला वेळ लागतो, पण मोठ्या कामात तिचा आधार वाटतो.

जनरेटरवर कन्सोल जळाला असं ऐकतो. कारण काय?

न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार. तीन फेजच्या जनरेटरवर लाइट, साऊंड आणि एलईडी वॉल वाटलेले असतात. न्यूट्रलची तार सैल झाली किंवा निसटली की लोड कमी असलेल्या फेजवर २३० च्या जागी व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं. बहुतेक कन्सोलचा पॉवर सप्लाय २४० पर्यंतच बनवलेला असतो. साधा स्टॅबिलायझर तिथे वेळेवर धावून येत नाही.

कन्सोल आणि स्टेजबॉक्स ऑनलाइन यूपीएसवर ठेवा, आणि त्याच्या आधी जादा व्होल्टेजला तोडणारा रिले बसवा. जनरेटरवाल्याने ‘झालं, द्या लोड’ म्हटलं तरी आधी मल्टीमीटर लावा: फेज ते न्यूट्रल, न्यूट्रल ते अर्थ. दुसरा आकडा तीन-चार व्होल्टच्या वर दिसला तर लोड देऊ नका. हम (सततची गुणगुण) येतो म्हणून अर्थिंगची पिन कापणाऱ्यांना तर स्टेजजवळ येऊ देऊ नये. माईक ओठाला लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे तो.

यूपीएसचा दुसरा फायदा म्हणजे लाइट गेली तरी कन्सोल पुन्हा सुरू होण्याची वाट बघावी लागत नाही. अॅम्प चालू, कन्सोल बूट होतोय, समोर मंत्री उभे, असा प्रसंग टळतो.

धूळ आणि उन्हाचं काय करायचं?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला सहज जातो. कन्सोलला सावली द्या, मागची हवा मोकळी ठेवा. सोलापुरी चादर वरून टाकणारे खूप आहेत. बंद कन्सोलवर चालेल, चालू कन्सोलवर नाही, आतली गरमी कोंडते. टेरी टॉवेलने तर झाकूच नका. त्याचे बारीक धागे फेडरच्या फटीत जातात आणि मोटरचा फेडर अर्ध्यावर थरथरत थांबतो. साधं मेणकापड किंवा कंपनीचं कव्हर बरं. फेडर अडकला म्हणून डब्ल्यूडी-४० मारू नका, मऊ ब्रश आणि फेडरसाठीचाच क्लीनर वापरा.

हलगी, ढोलकी, पखवाज डिजिटलवर फुटतात. अॅनालॉगवर असं होत नव्हतं.

अॅनालॉग लाल दिव्याच्या थोडं वर गेलं तरी सांभाळून घ्यायचं. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नसतं, तिथे आवाज सरळ कापला जातो. हलगीचा कडक ठोका मीटरला नीट दिसायच्या आत येऊन जातो. म्हणून गेन (माईकचा आवाज आत किती घ्यायचा ते) लावताना वादकाला ‘जरा वाजव’ म्हणू नका, ‘मिरवणुकीत वाजवतोस तसं वाजव’ म्हणा. तो शिखराचा ठोका उणे दहा-बाराच्या आत राहिला पाहिजे. मीटर खाली दिसतो म्हणून घाबरू नका, आवाज फेडरने वाढवा.

पखवाजाला दोन माईक. धुमेला (खर्जाच्या डाव्या तोंडाला) कणीक लावलेली असते, ती वाळत जाते तसा खर्ज बदलतो, आणि वादक मध्येच पाण्याचा हात फिरवतो. सुरुवातीला लावलेला घट्ट गेट तासाभराने हलके बोल खायला लागतो. भजनात मी पखवाजाला गेट लावत नाही. टाळांना वेगळा माईक लावायची गरज क्वचितच पडते, ते सगळ्यांच्या माईकमध्ये शिरतातच. बुवांच्या चॅनेलला शंभर-सव्वाशे हर्ट्झपासून खालचं कापा आणि अडीच ते चार किलोहर्ट्झमध्ये टाळांची धार थोडी बसवा. तिथेच शब्दही असतात, त्यामुळे हात राखून.

मॉनिटरची शिट्टी लवकर कशी पकडायची?

कार्यक्रमाआधी पकडायची. प्रत्येक मॉनिटरचा सेंड (त्याच्याकडे जाणारा आवाज) हळूहळू वाढवत न्या, पहिली शिट्टी आली की ग्राफिकमध्ये तेवढीच पट्टी तीन डीबी खाली घ्या, पुन्हा वाढवा. चार-पाच पट्ट्यांनंतर थांबा. त्यापुढे मॉनिटर पोकळ वाटायला लागतो, आणि खरा दोष माईकच्या दिशेत किंवा मॉनिटरच्या जागेत असतो. एक्स-३२ मध्ये ग्राफिक इफेक्टच्या रॅकमधून घ्यावा लागतो, म्हणून आठ जागांचा हिशोब आधी करा. प्रत्येक बसला सहा पट्ट्यांचा पॅरामेट्रिक ईक्यू मिळतोच, बरंचसं काम त्यात होतं.

‘सेंड्स ऑन फेडर’ हे डिजिटलमधलं सगळ्यात लाडकं बटण. मॉनिटर निवडा, सगळे फेडर त्या मॉनिटरचे होतात. पण काम झालं की लगेच बाहेर या. दिवा लागलेला राहिला आणि तुम्ही मैदानाचा आवाज समजून फेडर वर ढकलला, तर स्टेजवर किंकाळी फुटते.

बाहेरचा इंजिनिअर पेनड्राईव्ह घेऊन येतो. फाईल उघडेल का?

त्याच कन्सोलची असेल तर उघडेल, दुसऱ्या कंपनीची असेल तर नाही. यामाहाचं फाईल कन्व्हर्टर एम७सीएल, एलएस९, सीएल, क्यूएल यांच्यात फाईल बदलून देतं, तरी पॅचिंग हाताने तपासावंच लागतं. आदल्या दिवशी फोन करून फर्मवेअर (कन्सोलमधलं सॉफ्टवेअर) विचारा. त्याची आवृत्ती नवी आणि तुमची जुनी असेल तर घरी अपडेट करा. कार्यक्रमाच्या दिवशी कधीच नाही. फाईल लोड करण्यापूर्वी स्वतःची सीन वेगळी सेव्ह करा, अॅम्प बंद ठेवा. लोड झाल्यावर फॅन्टम (कन्सोलमधून माईकला जाणारी वीज) कुठे चालू झालंय आणि मेन कुठल्या आउटपुटला गेलंय, एवढं आधी बघा.

लांबच्या टॉवर स्पीकरला डिले (आवाज उशिरा सोडायचा वेळ) किती द्यायचा?

होम मैदानात मुख्य स्टेजपासून तीस मीटरवर टॉवर असेल तर सुमारे ८७ मिलिसेकंद. हे २० अंशाच्या तापमानाला, जेव्हा आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. चाळीस अंशाला तो ३५५ मीटर जातो, मग ८४-८५ पुरे. टॉवरला जाणाऱ्या मॅट्रिक्स आउटपुटवर हा आकडा टाका आणि वर पाच-दहा मिलिसेकंद जादा द्या, म्हणजे आवाज स्टेजकडूनच येतो असं वाटतं.

डेसिबलच्या नियमाला कन्सोल मदत करतो का?

मेनवर लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) लावता येतो, एवढीच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वर्षातल्या ठरावीक दिवशीच सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. मंडळाचे कार्यकर्ते ‘दादा, जरा वाढवा’ म्हणत खांद्याशी उभे राहतात, तेव्हा लिमिटरला पासवर्ड असलेला बरा.

सेकंडहँड घेताना काय बघू?

सगळे फेडर एकदम वर-खाली पाठवा, एखादा मागे राहतो का बघा. प्रत्येक इनपुटला माईक लावून फॅन्टमसकट ऐका. एईएस५० ची दोन्ही भोकं स्टेजबॉक्सला जोडून अर्धा तास चालू ठेवा. गरम झाल्यावर येणारा दोष थंड कन्सोलवर दिसत नाही.

कन्सोल नसताना शिकायचं कसं?

एक्स-३२, एम-३२, क्यूएल यांचे एडिटर लॅपटॉपवर फुकट मिळतात. पॅचिंग, लेअर, बस हे सगळं घरी बसून कळतं. कान तयार करायला मात्र रेकॉर्डिंग लागतं. एक्स-३२ यूएसबीने लॅपटॉपला ३२ चॅनेल वेगळे देतो. एखाद्या कार्यक्रमाचं तसं रेकॉर्डिंग घ्या आणि रिकाम्या दिवशी गोडाऊनमध्ये तेच चॅनेल परत कन्सोलमध्ये सोडून मिक्स करा. कलाकार नाही, गर्दी नाही, कोणी खांद्याशी नाही.

चॅनेलची नावं मराठीत दिसतील का?

एक्स-३२ च्या छोट्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, रोमन अक्षरं घालावी लागतात. आपल्याकडे एकाच स्टेजवर मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसं काम करतात, त्यामुळे फेडरखाली पांढरी टेप चिकटवून मार्करने लिहिणं अजून सगळ्यांना सोयीचं पडतं. फक्त कार्यक्रम संपल्यावर ती टेप त्याच रात्री काढा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली की डिंक पाघळून पट्टीला बसतो आणि नखाने निघत नाही.